आधी आरोपी, मग विषय

महाराष्ट्रात लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत आणि त्या प्रत्येकीच्या कपाटात उपविधींचे एक पुस्तक असते. कपाटाची किल्ली मागच्या सेक्रेटरींकडे असते आणि ते मुलाकडे बंगळुरूला गेलेले असतात, त्यामुळे पुस्तक सहसा कोणी उघडत नाही. हे वाईट आहे, कारण त्यात अगदी सुरुवातीलाच संस्थेचे उद्देश छापलेले आहेत आणि तेही चक्क क्रमाने. पहिला उद्देश असा की बिल्डरकडून किंवा मूळ मालकाकडून जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर करून घेणे, म्हणजे सभासद ज्याला कन्व्हेअन्स म्हणतात ते. दुसरा, संस्थेच्या मालमत्तेची देखभाल आणि व्यवस्था पाहणे. तिसरा, त्यासाठी निधी उभारणे. चौथा, सामाजिक, सांस्कृतिक आणि करमणुकीचे कार्यक्रम करणे. व्यवस्थापनशास्त्राचे पंडित भरपूर फी घेऊन कंपन्यांना हेच शिकवतात : आधी उद्दिष्टे ठरवा, मग समोर आलेल्या संधी आणि अडचणी त्या उद्दिष्टांशी ताडून पाहा, मग कोणती आधी घ्यायची ते ठरवा. यातले सगळ्यात अवघड काम सहकार खात्याने आपल्याला फुकट करून दिले आहे. उरले फक्त ताडून पाहणे. आता कोणत्याही सोसायटीचा वर्षभराचा कारभार या यादीशेजारी ठेवावा. यादी अगदी निष्ठेने पाळलेली दिसते, फक्त खालून वर. सत्यनारायण होतो, कोजागिरीचे दूध आटते, एकतीस डिसेंबरला गच्चीवर स्पीकर लागतो. निधीचा विषय निघतो आणि विरतो. देखभाल जमेल तशी होते. आणि कन्व्हेअन्स पुढच्या वर्षी होणार असते. ते गेली पंचवीस वर्षे पुढच्याच वर्षी होणार असते.

हा क्रम कुठे ठरतो ते पाहायचे तर वार्षिक सर्वसाधारण सभेला बसायला हवे. ही सभा दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी लावावी लागते. गणपूर्तीला दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांतली लहान संख्या पुरते. तेवढीही जमत नाही, म्हणून सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर, त्याच माणसांत पुन्हा सुरू होते. नोटिशीतच हे आगाऊ छापून टाकण्याइतकी आपली एकमेकांना ओळख आहे. मागील सभेचे इतिवृत्त वाचले जाते, म्हणजे वाचल्याचे समजले जाते. ताळेबंद मंजूर होतो. लेखापरीक्षक तेच राहतात. या सगळ्याला जेमतेम पंधरा मिनिटे लागतात, त्यांतली पाच माईक चालू आहे का हे विचारण्यात जातात. खरी सभा सुरू होते ती शेवटच्या विषयाला : अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. अध्यक्षांची परवानगी कोणी मागत नाही. पाहुण्यांच्या गाड्या, लिफ्टमध्ये शिरणारा कुत्रा, कबुतरांना दाणे टाकणाऱ्या आजी, भाड्याने राहणारी आणि रात्री अकराला पिझ्झा मागवणारी मुले, झोपलेला वॉचमन, दुसऱ्याच्या जागेत लावलेली स्कूटर. अर्ध्या तासापूर्वी जिथे वीस माणसे जमेनात तिथे आता जिन्यातही उभे राहायला जागा नसते.

यावर एक तयार खुलासा गेली साठाहून अधिक वर्षे हाताशी आहे. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन हे इंग्रज प्राध्यापक तेव्हा सिंगापूरला इतिहास शिकवीत होते. १९५७ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी एका काल्पनिक अर्थसमितीची बैठक रंगवली. कोटीच्या घरातली अणुभट्टी ही समिती अडीच मिनिटांत मंजूर करते, कारकुनांच्या सायकलींच्या शेडवर पाऊण तास घालवते आणि बैठकांतल्या चहापाण्याच्या खर्चावर सव्वा तास. पार्किन्सनचे म्हणणे असे की अणुभट्टी कोणाला कळत नाही, म्हणून सगळे गप्प. सायकलशेड सगळ्यांना कळते, म्हणून सगळे वक्ते. खुलासा चटकदार आहे आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून टाळ्या घेतो. पण आपल्या सोसायटीला लावून पाहिला की तो टिकत नाही. गच्चीचा स्लॅब गळतो आहे हे कळायला अणुशास्त्र लागत नाही, वरच्या मजल्यावरच्या बादलीत पडणारा थेंब पहिलीतल्या मुलालाही समजतो. तरी त्यावर दोन मिनिटांच्या वर चर्चा होत नाही. उलट पुनर्विकासातला एफएसआय, टीडीआर आणि फंजिबल हा त्रिकूट-प्रकार अख्ख्या सभेत कोणाला धड कळत नाही, बोलणाऱ्याला तर नाहीच, आणि तरीही त्यावर रात्री दीडपर्यंत सगळे बोलतात. तेव्हा कळणे-न कळणे हे काही खरे कारण दिसत नाही.

माझा अंदाज वेगळा आहे. सभेत विषयाला नंबर मिळतो तो त्याच्या वजनावर मिळत नाही, त्या विषयाला आरोपी आहे की नाही यावर मिळतो. ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असा माणूस समोर बसलेला असेल, किंवा निदान सभेला न आल्याबद्दल ज्याची निंदा करता येईल, तो विषय पहिला. ज्याला आरोपी नाही तो विषय कितीही भारी असो, 'इस्टिमेट मागवले आहे' या चार अक्षरी शब्दाखाली त्याला झोपवले जाते. (अक्षरे मोजू नयेत. सभेतही कोणी मोजत नाही.)

हे नुसते मनात आले म्हणून म्हणत नाही. पुरावा प्रत्येक इमारतीत ओलाव्याच्या रूपाने उपलब्ध आहे. दोन गळत्या घ्या. एक गळती तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून दुसऱ्या मजल्याच्या छतात उतरते. दुसरी गच्चीतून सबंध इमारतीत उतरते. पाणी तेच, सिमेंट तेच, डाग तसाच पिवळट. पण पहिल्या गळतीचा फोटो सकाळी सातला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लाल वर्तुळासह येतो. सव्वासातला त्यावर उत्तर येते की आमच्या घरी टाइल्स नुकत्याच बदलल्या आहेत. साडेसातला उत्तराला उत्तर येते की तेव्हापासूनच सुरू झाले. मग पत्रे, पत्रांना पोच, प्लंबरची साक्ष, दुसऱ्या प्लंबरची उलटसाक्ष, निबंधकांकडे अर्ज. दुसऱ्या गळतीचा फोटोही ग्रुपवर येतो. त्याला खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते आणि विषय संपतो. वास्तविक उपविधी असे सांगतात की दोन फ्लॅटमधली अंतर्गत गळती त्या सभासदांनी आपल्या खर्चाने दुरुस्त करायची. पावसाच्या पाण्याची, गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने करायची. म्हणजे संस्था सर्वांत जास्त वेळ त्या गळतीवर देते जी तिची नाही, आणि सर्वांत कमी वेळ तिच्यावर, जी फक्त तिचीच आहे. पहिल्या गळतीत फार तर एका बेडरूमचा रंग जातो. दुसरीत पाणी काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, ती जागा मिळवायला तो काँक्रीटला आतून फोडतो, आणि मग छताचे पोपडे खाली येतात. हे सगळे शांतपणे, वर्षानुवर्षे, कोणालाही उलट उत्तर न देता चालते. तिथेच गंजाचे चुकते. त्याने एकदा जरी ग्रुपवर उद्धट उत्तर दिले असते तर त्याच आठवड्यात विशेष सर्वसाधारण सभा लागली असती.

पैशाच्या बाबतीत हाच न्याय. थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लागली की लिफ्ट रिकामी असली तरी लोक जिन्याने उतरतात, कारण बोर्ड जिन्यापाशी असतो. कोणाचे बारा हजार राहिले, कोणाचे अठरा, कोणी मागच्या दिवाळीत नवी गाडी घेतली, यावर तासभर सहज निघतो. त्याच सभेच्या ताळेबंदात सिंकिंग फंडाचा आकडा असतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही, कारण त्या आकड्यापुढे फ्लॅट नंबर नसतो. नियमाने सिंकिंग फंड दरवर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का जमवायचा असतो. 'किमान' हा शब्द सभेला मोकळीक देतो; सभेने तो आदेश म्हणून घेतलेला असतो. समजा १९८५ साली एका फ्लॅटचा बांधकाम खर्च एक लाख होता. त्याचा पाव टक्का म्हणजे वर्षाला अडीचशे रुपये, महिन्याला एकवीस रुपयांना थोडे कमी. चाळीस वर्षे नित्यनेमाने भरले तर व्याज वगळून दहा हजार. एवढ्यात आज त्या घराच्या खिडक्यांना बाहेरून रंगही लागायचा नाही, आणि याच निधीतून इमारत पुन्हा उभी करण्याची सोय पाहिलेली आहे. हा आकडा वाढवायचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. पण तो वाढवा म्हटले की आरोपी कोण? आपण सगळेच. आणि सगळेच आरोपी असलेल्या खटल्याची तारीख कुठल्याही कोर्टात लवकर लागत नाही.

कन्व्हेअन्सची कथा तर या अंदाजाला शिक्का मारून देते. १९६३ च्या मोफा कायद्याखाली, करारात दुसरी मुदत ठरलेली नसेल तर, संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने हे हस्तांतर करून द्यायचे असते. सोसायटी नवी असते तेव्हा या विषयाला आरोपी असतो आणि काय आरोपी असतो! त्याने जिम दिलेली नसते, बागेच्या जागी पंप बसवलेला असतो, ब्रोशरमधला धबधबा कुठेच सापडत नाही. त्या काळातल्या सभा ओसंडून वाहतात, भाषणे होतात, वकील नेमला जातो. मग बिल्डर ऑफिस बदलतो, फोन बदलतो, पुढे फर्मही बदलतो. आरोपी फरार होतो आणि फाइल थंड पडते. गंमत अशी की ज्या क्षणी बिल्डर हाताबाहेर गेला, त्याच परिस्थितीसाठी कायद्यात वाट आहे. २००८ च्या दुरुस्तीने असे ठरले की बिल्डर सही करत नसेल तर संस्थेने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडे, मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करावा आणि त्यांनी तो जास्तीत जास्त सहा महिन्यांत निकाली काढावा. म्हणजे आता भांडायची गरज नाही, फक्त कागद गोळा करायचे. प्रत्येक सभासदाचा नोंदणीकृत करार, इंडेक्स टू, मंजूर नकाशा, मिळकत पत्रिका. पण भांडणाविना नुसते कागद गोळा करण्यात कोणाला रस असणार? पहिल्या क्रमांकाचा उद्देश निव्वळ प्रतिपक्षाच्या अभावी मागे पडतो.

इथवर अडचणींचे झाले. संधींची अवस्था त्याहून बिकट. अडचणीला आरोपी लागतो. संधीला तो आपोआप मिळतो, कारण जो संधी मांडतो तोच संशयित होतो. गच्चीवर सौर पॅनेल बसवावेत, लिफ्टचे, पंपाचे आणि जिन्यातल्या दिव्यांचे बिल कमी होईल, असा प्रस्ताव एखादा सभासद मांडतो. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहसंस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे हेही तो सांगतो. सभा एकदम शांत होते. ही शांतता विचाराची नसते, हिशेबाची असते : याला यात किती सुटणार? मग प्रश्न येतात. तुमची ओळख आहे का त्या कंपनीत? तुम्ही वरच्या मजल्यावर राहता, म्हणजे ऊन आधी तुम्हाला मिळणार का? पापड कुठे वाळवायचे? प्रस्तावकाचा साडू विजेच्या सामानाचा व्यापारी आहे हे कोणीतरी शोधून काढते. तो नागपूरला आहे आणि पंखे विकतो, याने काही फरक पडत नाही. पुढच्या वर्षी तो सभासद गप्प बसतो. अशा रीतीने संधी मांडली जाते त्याच बैठकीत तिचे अडचणीत रूपांतर होते आणि मग अडचण म्हणून तिला हक्काचा वेळ मिळतो. एकच संधी याला अपवाद आहे, पुनर्विकास; आणि तोही नियम सिद्ध करणाराच. ३ जानेवारी २००९ चे निर्देश, त्यांच्या जागी आलेले ४ जुलै २०१९ चे निर्देश, निबंधकांचा प्रतिनिधी, सभेचे चित्रीकरण, ५१ टक्के सभासदांची संमती, एवढी शिस्त सरकारने त्याला लावली ती उगाच नाही. पुनर्विकासात आरोपी आणि संशयित यांचा तोटा कधीच नसतो. कमिटी संशयित, सल्लागार संशयित, तीन बिल्डर संशयित, आणि संमती न देणारे दोन सभासद थेट आरोपी. म्हणून तो विषय वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर राहतो. जमीन संस्थेच्या नावावर नाही ही गोष्ट त्या गर्दीत बिल्डरचा वकील पहिल्यांदा विचारतो तेव्हा सगळ्यांना आठवते.

कोणी म्हणेल, तुम्ही छोट्या गोष्टींची टिंगल करता, पण राहणाऱ्याला त्याच रोज भेटतात. कन्व्हेअन्स नसले म्हणून कोणाचा पाय घसरत नाही, लिफ्टमधल्या कुत्र्याच्या प्रसादावरून घसरतो. आक्षेप बिनतोड आहे आणि मला मान्य आहे. रोजचा त्रास हा खरा त्रास. पण त्याचे उत्तरही रोजच्या पातळीवर असते : एक फडके, एक बादली आणि सेक्रेटरींचा एक फोन. त्यासाठी चौदा दिवसांची नोटीस, गणपूर्ती आणि ठराव लागत नाही. छोट्या प्रश्नाला लवकर उत्तर मिळायला हवे हे म्हणणे वेगळे आणि त्याला सभेत पहिला मान मिळायला हवा हे वेगळे. आपल्याकडे होते असे की त्याला मान मिळतो, उत्तर मिळत नाही. कुत्र्याचा विषय लागोपाठच्या सहा इतिवृत्तांत सापडतो. मधल्या काळात तो कुत्रा म्हातारा होऊन वारलेला असतो आणि ठराव 'चर्चा झाली' एवढाच असतो.

दुसरा आक्षेप शिकलेल्या लोकांचा. त्यांचे मत असे की हे सगळे अडाणीपणाचे आहे; एखादा तक्ता करा, तातडीचे आणि महत्त्वाचे असे चार चौकोन आखा, सामर्थ्य-दुबळेपणा-संधी-धोके मांडा, प्रत्येक विषयाला गुण द्या, आपोआप क्रम लागेल. या सूचनेतली अडचण इतकीच की ती करणारेच सभेत बसलेले असतात. हिंजवडीत आणि ऐरोलीत दिवसभर हेच चौकोन भरणारे आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला प्राधान्यक्रम समजावून सांगणारे लोक संध्याकाळी सातला पार्किंगवरून एकमेकांच्या अंगावर धावतात. ज्ञान कमी पडते म्हणावे तर त्यांच्या भिंतीवर प्रमाणपत्रे टांगलेली असतात. तक्ता त्या भिंतीच्या पलीकडे येत नाही, कारण गुण देताना माणूस विषयाला गुण देत नाही, विषयामागच्या शेजाऱ्याला देतो. तक्रारींच्या मोबाइल अ‍ॅपने तर हा रोग पक्का केला. आता प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो, लाल-हिरवा रंग मिळतो, किती दिवसांत मिटली त्याचा आलेख मिळतो. पाण्याच्या टाकीला मोबाइल नाही. तिच्या तळाला गेलेली चीर तक्रार नोंदवत नाही, म्हणून महिन्याच्या अहवालात कमिटीची कामगिरी ९६ टक्के हिरवी दिसते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो. कमिटीचे लोक बिनपगारी आहेत, नोकरी-संसार सांभाळून, शिव्या खाऊन हे काम करतात, त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवणार? अगदी खरे. म्हणूनच मी त्यांना मूर्ख म्हणत नाही, उलट त्यांचा हिशेब अचूक आहे असे म्हणतो. पार्किंगचे भांडण मिटवले तर दोन घरे तरी खूश होतात. गच्चीचे वॉटरप्रूफिंग वेळेवर केले तर काय दिसते? काहीच नाही. पावसाळा येतो, स्लॅब गळत नाही, आणि न गळलेल्या स्लॅबबद्दल हार घालण्याची पद्धत आपल्याकडे नाही. वर पन्नास हजारांची वर्गणी काढल्याबद्दल मात्र तोंडे वाकडी होतात. अशा बाजारात शहाणा सेक्रेटरी जे करील तेच ते करतात. त्यांना बदलून काही होणार नाही. नवा सेक्रेटरी पहिले तीन महिने कन्व्हेअन्सची फाइल शोधतो आणि चौथ्या महिन्यात कुत्र्याकडे वळतो.

मग काहीच वेळेवर होत नाही का? होते. तेवढ्यावरून उपायही सुचतो. सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, पावसात, छत्र्या घेऊन, अर्धा तास तहकूब होऊन का होईना, पण होते. कारण ती वेळेत घेतली नाही तर निबंधक जबाबदार पदाधिकाऱ्याला पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात. (पुष्कळ सेक्रेटरींना ही शिक्षा बक्षिसासारखी वाटेल, ते सोडा.) आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यायचे असते, महिना ठरलेला, सही ठरलेली. याउलट स्ट्रक्चरल ऑडिट पाहा. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा, तीस उलटल्यावर तीन वर्षांतून एकदा, असे उपविधी सांगतात. 'पाच वर्षांतून एकदा' ही तारीख नव्हे. ती कायमच पुढच्या वर्षी येऊ शकते. जिथे कायद्याने तारीख आणि माणूस दोन्ही नेमले तिथे काम झाले. जिथे नुसती सदिच्छा लिहिली तिथे इस्टिमेट मागवले गेले.

तेव्हा सोसायटीचा स्वभाव बदलण्याच्या फंदात पडू नये. आरोपी शोधण्याची आपली कला पिढ्यान्‌पिढ्या घोटलेली आहे, ती वाया का घालवा? बिनआरोपी विषयांना आगाऊ आरोपी नेमून द्यावेत. सभेत सगळ्यात आधी, हिशेबाच्याही आधी बोलावे ते उद्देशांच्या यादीतल्या पहिल्या तीन गोष्टींवर, आणि इतिवृत्तात प्रत्येकीपुढे एक सभासद, एक तारीख आणि एक लहान काम लिहावे. कन्व्हेअन्स : अमुक फ्लॅट, ३१ डिसेंबर, सर्व करारांच्या प्रती. गच्ची : अमुक फ्लॅट, ३१ जानेवारी, तीन कोटेशने. सिंकिंग फंड : अमुक फ्लॅट, अमुक तारीख, नव्या दराचा तक्ता. कोणी नाव द्यायला तयार होणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून पार्किंगसाठी टाकतात तशा चिठ्ठ्या टाकाव्यात. पुढच्या वर्षी काम झाले असेल तर उत्तमच. झाले नसेल तर समोर एक जिवंत आरोपी बसलेला असेल, आणि मग त्या विषयाला सभेत किती वेळ मिळतो ते पाहावे. टाकीवर तास, गच्चीवर दीड तास. त्या माणसावर अन्याय होईल म्हणता? थोडा होईल. पण कबुतरांच्या आजींना सहा वर्षे होतो आहे त्याहून कमीच. सौर पॅनेलसारख्या संधीलाही हेच लावावे : ज्याने सुचवले त्याच्याकडे कोटेशन कधीच देऊ नये, चिठ्ठीत निघालेल्याकडे द्यावे. संशयित आणि प्रस्तावक वेगळे झाले की प्रस्तावाकडे पाहायला सभेला निदान दहा मिनिटे मोकळी मिळतात.

हे सगळे कंपन्यांना, विद्यापीठांना आणि साहित्यसंस्थांनाही लागू आहे असे वाचकांपैकी काहींच्या मनात आले असेल. असेलही. पण तिथल्या लोकांना पगार, नाही तर निदान मानपत्र मिळते, त्यांनी त्यांचे पाहावे. आपल्यापुरते एवढेच करा : सप्टेंबरच्या सभेची नोटीस बोर्डावर लागायच्या आधी, म्हणजे ऑगस्टातच, 'कन्व्हेअन्स, गच्ची आणि निधी हे विषय विषयपत्रिकेत पहिले घ्यावेत' असे सेक्रेटरींना लेखी द्या. आणि प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.